उंबऱ्याआडचा मान

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' परवा पुन्हा वाचून संपवलं. पुस्तक तसं लहान आहे, दोन दुपारींत होतं. पण या वेळी एका जागी अडकले ती अडकलेच. म्हणून हे लिहायला बसले. (आत्या, तू हे वाचशीलच. शेवटपर्यंत वाच आणि मग फोन कर, मध्येच नको.)

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेबीताईंचा जन्म १९२९ चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. बालपणाचा मोठा भाग तिथे, आजोळी, महारवाड्यात गेला आणि पुढचं सगळं आयुष्य फलटणला. हे लेखन आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. २०१२ साली त्या गेल्या. मराठीतल्या दलित बाईने लिहिलेल्या पहिल्या काही आत्मकथनांत याचं नाव घेतात. नाव मात्र 'माझं' नाही, 'आमुचं' आहे, आणि पुस्तकही तसंच आहे. स्वतःबद्दल कमी, वाड्याबद्दल जास्त. आषाढातले सण, अंगात येणं, पोतराज, भूक, रोगराई, बाळंतपणं, आणि मग बाबासाहेबांचं जेजुरीतलं भाषण ऐकून माणसं कशी हलली ते.

कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा लक्षात राहिली ती भूक आणि जात. या वेळी अडकले ती त्यांच्या आईपाशी.

बेबीताईंचं घर महारवाड्याच्या मानाने बरं होतं. आजोबा आणि त्यांचे भाऊ गोऱ्या साहेबांकडे बटलर होते, तिकडून पैसे यायचे. वडील कंत्राटं घ्यायचे, हातात पैसा खेळायचा, आणि तो भाईबंदांवर उदारपणे खर्चही व्हायचा. असा दिलदार माणूस. आणि या दिलदार माणसाने बायकोला घरात कोंडून ठेवलं होतं. भांडण झालं म्हणून नाही, संशय होता म्हणूनही नाही. घराची ऐपत होती म्हणून! बेबीताई सरळ सांगतात की त्या काळी घराण्याचा मान बाईवरच्या बंधनांच्या मापाने मोजला जाई. बाई जितकी दिसत नाही तितका मान मोठा. गावात त्या मानाची चर्चा व्हायची. घोशाचा मान मिळायचा नवऱ्याला, आणि घोशात बसायची ती.

आता जरा विचार करा. ज्या वस्तीतली माणसं मेलेल्या जनावराच्या मांसावर दिवस काढतायत, ज्यांच्या सावलीचा विटाळ होतो, त्या वस्तीत एखाद्या घरी चार पैसे आले तर त्या पैशाने पहिली काय खरेदी करायची? तर बाईचं घरात बसणं. दागिना नव्हे, जमीन नव्हे (जमीन तर मिळायचीच नाही). वरच्या वाड्यांतल्या बायका बाहेर पडत नाहीत ना, मग आमचीही नाही.

एम. एन. श्रीनिवास यांनी याला 'संस्कृतीकरण' असा शब्द दिला, म्हणजे वर चढू पाहणाऱ्या जातींनी वरच्यांच्या रीती उचलायच्या. त्यांनी हेही नोंदवलंय की असं वर चढताना बायकांवरची बंधनं वाढतात. समाजशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य वाचून आपण पान उलटतो. इथे मात्र दारातून बाहेर न पडू शकणारी एक विशिष्ट बाई आहे आणि तिची मुलगी ते लिहिते आहे. तिथे पान उलटत नाही.

बरं, मग ज्या घरात पैसा नव्हता तिथल्या बायका मोकळ्या होत्या का? तर नाही, अजिबात नाही. पुस्तकातले सगळ्यात अंगावर येणारे भाग त्यांचेच आहेत. आठ-नऊ वर्षांची सून, सासूने पहाटे तीनला उठवून जात्यावर बसवलेली. दळण झालं की भाकऱ्या. भाकरी नीट जमली नाही की ती शेजारपाजारच्या बायकांना दाखवून तिची टिंगल. मग सासूने मुलाचे कान भरायचे, मुलाने मारायचं. पळून गेली तर धरून आणायची आणि पायात लाकडी खोडा घालायचा. खोड्यासकट ती घरातली कामं करणार. नाक कापल्याचेही उल्लेख आहेत. आणि हे करणारे कोण, तर दिवसभर गावात मान खाली घालून वावरणारे. ज्याला कुणावरच सत्ता नाही त्याला एक सून मिळते. बेबीताई हे झाकत नाहीत. आपल्याच माणसांबद्दल इतकं रोखठोक लिहिणं किती अवघड गेलं असेल! शिवाय त्याचा गैरफायदा घेणारे गावात टपलेलेच असणार.

बाहेर पडणाऱ्या बाईचं काय? मोळी विकायला ती वरच्या आळीत जायची. मोळी अंगणात टाकली की घरच्या मालकिणीने आधी बजावायचं, तुझा केस-धागा लाकडाला चिकटलेला नाही ना बघ. मग त्या लाकडांवर पाणी शिंपडून ती आत घ्यायची. लाकूड चालतं, लाकूड आणणारीचा केस चालत नाही. मालकीण स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत. तिलाही बाजारात जायची मुभा नाही, म्हणून तर मोळी दारात यावी लागते. दोघींमध्ये एक अंगण, आणि दोघींनाही आपापली जागा सोडता येत नाही. पण याचा अर्थ दोघी सारख्याच, असं मी म्हणणार नाही. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या आहे आणि दुसरीने तो आपल्या मोळीवर रिकामा होताना बघायचा आहे. 'बाई सगळीकडे बाईच' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, बहुतेक वेळा तांब्या हातात असलेल्यांकडून.

आणखी एक प्रसंग आहे. नवी नवरी गावातल्या वरच्या जातीच्या माणसाला वाटेत वाकून पाया पडायची विसरते. नवीनच आहे बिचारी, डोक्यावरून पदर, समोरचं नीट दिसतही नसेल. तो माणूस तणतणत चावडीवर येतो आणि अख्ख्या महारवाड्याला उभंआडवं घेतो. हे वाचताना मी थांबले. आम्ही काही गावचे पाटील नव्हतो. दोन-तीन एकर कोरडवाहू, वर कर्ज. पण जोहार घालणाऱ्यांत आम्ही नव्हतो, घेणाऱ्यांत होतो. माझे पणजोबा त्या चावडीवर कुठल्या बाजूला उभे राहिले असते हे मला नीट ठाऊक आहे. घरात याविषयी कुणी कधी बोललं नाही. बोलायला हवं, असं मला वाटतं.

असो. तर मुद्दा वरच्यांसारखं होण्याचा. यात एक गंमत आहे, ती लुगड्याची. महार बायकांनी लुगड्याचा काठ दिसेल असं नेसायचं नाही, तो निऱ्यांत दडवायचा, असा दंडक होता. काठ मिरवायचा हक्क वरच्या बायकांचा. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की जातीची खूण सांगणारं हे नेसणं आणि ते जुने जडशीळ दागिने टाका, इतर बायका नेसतात तसं पायघोळ नेसा. तिथे जमलेल्या अनेक बायकांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. म्हणजे हीसुद्धा वरच्यांची नक्कलच की! पण एक नक्कल पायातली बेडी तोडते आणि दुसरी नक्कल, घोशाची, नवी बेडी घालते. फरक कशात आहे? मला वाटतं, लुगडं बदलायचं ते त्या बायकांनी स्वतः, स्वतःसाठी, चारचौघांत बदललं. घोशा कुणी नेसत नाही, तो नेसवला जातो, आणि मिरवतो दुसराच. (हे माझं मत. कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा.)

आता आजीकडे येते. आत्या, इथून पुढे तुझं काम आहे.

आमची आजी माळवं विकायची. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटे चुंबळ, त्यावर पाटी, पाटीत मेथी, वांगी, कधी घेवडा, आणि पाच मैल चालत. तिला अक्षर येत नव्हतं पण हिशेब असा चोख, की बाजारातले व्यापारी तिच्याशी घासाघीस करायच्या भानगडीत पडायचे नाहीत. पैसे कनवटीला. त्यातून मीठ-मिरची, आमच्या वडिलांची फी, आणि तिची मिश्री. मग थोरल्या काकांना कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली. वर्ष-दोन वर्षांत घराला पुढे सिमेंटचा सोपा झाला आणि आजीचा बाजार बंद झाला. क्लार्कची आई बाजारात पाटी घेऊन बसते, बरं दिसत नाही. तागडी शेजारच्या घरी गेली.

ही गोष्ट आमच्याकडे नेहमी कौतुकाने सांगितली जाते. मुलाने आईला सुख दिलं. खोटं नाहीच ते. तिचे गुडघे गेले होते, उन्हाने डोळे खराब झाले होते. पाच मैल डोक्यावर ओझं घेऊन चालण्यात कसलंही स्वातंत्र्य नाही, आणि ते आहे असं एसीत बसून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण मला आठवतं ते असं की प्रत्येक बाजारच्या दिवशी संध्याकाळी ती सोप्यात बसायची आणि बाजारातून परतणाऱ्या प्रत्येकीला हाक मारून विचारायची, 'मेथी काय जुडी गेली गं आज?' तिला मेथी घ्यायची नव्हती, विकायचीही नव्हती. भाव ऐकायची, मनाशी काहीतरी जुळवायची आणि म्हणायची, 'लुटली मेल्यांनी.' आणि मिश्री संपली की सुनेला सांगायची, सून काकांना सांगायची, काका आणायचे. मिश्रीच ती, चार आण्यांची. पण ती तीन माणसांतून फिरून यायची.

आणि गंमत बघा, हीच आजी पाहुण्यांना ऐटीत सांगायची, 'माझ्या सुना कधी बाजारात बसल्या न्हाईत.' अभिमान खरा होता. बेबीताईंच्या वस्तीतल्या घोशाच्या घरांनाही असाच अभिमान असणार. म्हणून मी यात कुणाला खलनायक ठरवू शकत नाही. काकांना तर नाहीच, आईसाठी जीव टाकणारा माणूस. बेबीताईंचे वडीलही दिलदारच होते. मला खटकतं ते हे, की घर वर चढल्याची पावती म्हणून प्रत्येक वेळी बाईचंच बाहेर पडणं का जमा करायचं? काकांनी नोकरी लागल्यावर सायकल घेतली, त्यांचं फिरणं वाढलं. एकाच पगारातून एकाचं फिरणं वाढलं आणि एकीचं संपलं.

यावर एक उत्तर असं येईल की शिकलेल्या, खऱ्या वरच्या घरांत असं नव्हतं. तर रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचा, १९१० साली आलेल्या. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न, नवरा न्यायमूर्ती, स्वतः बसून तिला शिकवणारा. पैशाची ददात नाही. आणि तरी घरातल्याच वडीलधाऱ्या बायका तिच्या शिकण्यावर किती बोलत, किती टोमणे मारत, ते तिने लिहिलंय. ज्यांना कधी उंबरा ओलांडता आला नाही त्यांच्याकडे तेवढाच एक अधिकार होता, दुसरीला ओलांडू न देण्याचा. महारवाड्यातली सासू आणि पुण्याच्या वाड्यातल्या त्या बायका यांच्या जगण्यात जमीन-अस्मानाचं अंतर. पण हत्यार तेच.

आता बेबीताईंचं स्वतःचं. लग्नानंतर नवऱ्याला काम नव्हतं, तेव्हा दोघांनी सुटी द्राक्षं विकण्यापासून सुरुवात केली. मग भाजी, मग किराणा. दुकान वस्तीतच. गिऱ्हाईक आपलेच लोक, म्हणजे पाणी शिंपडणारं कुणी नाही. त्या दुकानात बसून त्या पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या आणि लिहिलेलं लपवून ठेवायला लागल्या. किती वर्षं? वीस! नवऱ्यापासून, मुलापासून. पुढे फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यापर्यंत ते लेखन पोचलं म्हणून आपल्याला वाचायला मिळालं.

हा नवरा पुस्तकात जवळजवळ नाही. 'जिणं आमुचं'चं माया पंडित यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००८ साली निघालं. त्याच्या शेवटी बेबीताईंची मुलाखत आहे आणि तिथे त्या सांगतात नवऱ्याच्या संशयाबद्दल, मारहाणीबद्दल. मग पुस्तकात का नाही लिहिलं? तर त्यांचं म्हणणं साधारण असं, की हे सगळ्याच बायकांचं होतं, त्यात माझं वेगळं काय सांगायचं. माझी एक मैत्रीण म्हणते की हा पुस्तकाचा कमकुवतपणा आहे, स्वतःला वाचवलं त्यांनी. मला तसं वाटत नाही. पायात खोडा घातलेल्या सुनेबद्दल त्या इतकं लिहितात ते काय दुसऱ्या कुणाचं म्हणून? स्वतःचं नाव न घालता त्यांनी ते लिहिलंच आहे. आणि लेखन जर लपवून चाललं असेल, तर सापडलं असतं त्या दिवशी काय झालं असतं याचाही विचार करा. आपण इथे बसून 'प्रामाणिक आत्मकथन' वगैरे शब्द वापरतो, ते फार सोपं असतं. या सगळ्यात आश्रमशाळाही चालवली त्यांनी, फलटणजवळ निंबुऱ्याला.

मला मात्र त्या दुकानाचं राहून राहून वाटतं. आई घोशात, शेजारणी वरच्या आळीत मोळी घेऊन, आणि ही मध्ये कुठेतरी, स्वतःच्या गल्ल्यावर. सुख नव्हतं, घरी मार होताच. पण हातात पैसे येत-जात होते आणि डोळ्यांसमोर छापील कागद होता. आजीच्या तागडीत आणि या गल्ल्यात मला नातं दिसतं. फक्त आजीची तागडी गेली, आणि आमच्याकडे रद्दी वाचणारं कुणी नव्हतं.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात पेढे दिले. मुलीचं लग्न ठरलं. 'सासरचे म्हणतात कामाला पाठवणार नाही, घरातच ठेवणार,' असं त्या भरल्या डोळ्यांनी सांगत होत्या. वीस वर्षं चार घरची भांडी घासलेल्या बाईचं हे स्वप्न आहे आणि त्याला नाव ठेवायची माझी टाप नाही. मी हे दुपारी बसून लिहिते आहे ते त्यांनी सकाळी ओटा आवरलाय म्हणून. पेढा घेतला. एवढंच विचारलं, मुलगी पार्लरचं शिकली होती ना, त्याचं काय? त्या म्हणाल्या, आता काय गरज.

'गरज नाही.' हे दोन शब्द सध्या आमच्याकडेही फिरतायत, आणि हे सगळं लिहिण्याचं खरं कारण तेच. चुलतभावाच्या मुलीसाठी स्थळ आलंय. (तिला विचारून लिहिते आहे, ती म्हणाली लिही.) घर चांगलं, बागायती, दोन मजली बंगला, दारात गाडी. मुलगा शिकलेला. तेही म्हणाले, आमच्याकडे सुनेला नोकरी करायची गरज नाही. आणि आमच्याकडच्या सगळ्यांचे चेहरे उजळले, मला फोनवरूनसुद्धा कळलं. मुलगी बी.फार्म. आहे, दोन वर्षं काम करते आहे, पगार तिच्या खात्यात येतो. आजीच्या खणाच्या पिशवीत आता काय येणार, म्हणून त्यातून आत्याला तिने साडी घेतली. आत्या, ती तू सगळ्यांना दाखवत होतीस.

मुलीला मुलगा आवडलाय, हे मला माहीत आहे. मी मोडता घालत नाही. पण पुढच्या रविवारी तुम्ही बंगला बघायला जाणार आहात, तर चहा झाल्यावर नुसता वरचा मजला बघून येऊ नका. तिथे दोन सुना आधीच आहेत. त्यातली थोरली बी.एस्सी. आहे असं तेच म्हणाले. पुरुष मंडळी बाहेर बागेत बसली की, आत्या, तू तिच्याजवळ जाऊन बस. तिच्या भावाच्या मुलाला काही द्यायचं झालं तर पैसे कुठून घेते, एवढं सहज बोलता बोलता विचार. आणि ती उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघते का, तेही बघ.